नाशिकजवळची दोन दिवसांची रॅली शाळा: गाडी विकत घ्यायच्या आधी इथे जाऊन या

मागच्या दिवाळीनंतर मी एक जुनी एस्टीम घ्यायला निघालो होतो. रॅलीसाठी बनवलेली, आत रोल केज (गाडी उलटली तर माणसं वाचवणारा लोखंडी सांगाडा), मागची सीट काढलेली, दारांवर जुने स्टिकर अर्धे निघालेले. मालक साडेतीन लाख म्हणत होता आणि मी कंपनीच्या क्रेडिट सोसायटीत लोनचा फॉर्म भरून ठेवला होता. एका मित्राने सांगितलं पैसे द्यायच्या आधी एकदा सिन्नरकडे रॅली शिकवणाऱ्या सरांशी बोल. मी फोन लावला, मला वाटलं ते इंजिन विचारतील, मॉडेल विचारतील, पण पहिला प्रश्न आला, "आजवर मुरुमावर किती किलोमीटर चालवलीस?" आणि दुसरा, "गाडी घेतल्यावर टायर, पेट्रोल आणि एंट्रीला किती उरतात?" माझ्याकडे दोन्हीचं उत्तर नव्हतं. सर म्हणाले, "लोन थांबव. दोन दिवस ये. त्यानंतरही घ्यावीशी वाटली तर मी स्वतः येतो गाडी बघायला."

मी लोन थांबवलं आणि गेलो. त्याला आता सात महिने झाले, म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे रॅलीचं वेड असलेली पोरं भरपूर आहेत पण सुरुवात कुठून आणि किती पैशात करायची हे कोणी नीट सांगत नाही, आणि जो तो आधी गाडीच्या मागे लागतो.

शाळेला नाव नाही. बोर्ड पण नाही. सिन्नर-घोटी रस्त्यावरून आत कच्च्या रस्त्याने गेलं की एक बंद पडलेली खडीची खाण आणि तिच्या बाजूचं माळरान लागतं, सगळी जागा खाजगी, गेटला पिवळा रंगवलेला टायर टांगलाय तीच खूण. चालवणारी माणसं दोनच. सर, जे कितीतरी वर्षं राष्ट्रीय रॅल्यांमध्ये नॅव्हिगेटर म्हणून, म्हणजे ड्रायव्हरशेजारी रस्ता सांगायला बसले, आणि नाना, जे जिप्सीचे मिस्त्री आहेत आणि बोलतात कमी. बॅच सहा जणांची, फी माणशी बारा हजार, त्यात गाडी, पेट्रोल, हेल्मेट, दोन वेळचं जेवण सगळं आलं. शिवाय पाच हजार डिपॉझिट, गाडीचं नुकसान झालं तर त्यातून कापतात, नाहीतर परत. माझ्या हातून एक मडफ्लॅप आणि एक बंपरची क्लिप गेली, नानांनी चिठ्ठीवर लिहून सातशे कापले आणि उरलेले तिथल्या तिथे परत दिले. मी मडफ्लॅपचा भाव नंतर बाजारात विचारला, बरोबर होता.

गाड्या दोन. एक एस्टीम, एक जिप्सी. दोन्ही जुन्या, दोन्हीत केज, बकेट सीट, चांगले पट्टे आणि खाली जाड गार्ड. मी नानांना विचारलं की याच दोन का ठेवल्या, तर त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं. दोन्हीत मारुतीच्या एकाच घराण्यातलं १.३ लिटरचं इंजिन, त्यामुळे बरेचसे पार्ट इकडचे तिकडे चालतात आणि जुन्या बाजारात मिळतात. आणि शिकवायला सोय अशी की एस्टीमला पुढची चाकं ओढतात, आणि जिप्सी टू-व्हील मोडला टाकली की मागची चाकं ढकलतात. एकाच वळणावर दोन गाड्या दोन तऱ्हेने वागतात ते एका दुपारी हाताला कळतं. यूट्यूबवर मी हे शंभर वेळा पाहिलं होतं, तरी ते बुडाखाली जाणवल्याशिवाय कळत नाही.

पहिल्या दिवशी साडेअकरापर्यंत कोणालाच चावी मिळाली नाही. आमच्यातला एकजण वैतागला पण, म्हणाला बारा हजार देऊन वर्गात बसायचं का. सरांनी आधी बसायला शिकवलं, म्हणजे खरोखर सीटवर बसायला. पाठ पूर्ण टेकलेली असताना हात सरळ केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, क्लच तळापर्यंत दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. मी नऊ वर्षं गाडी चालवतोय आणि इतकी वर्षं खूप मागे बसत होतो. सीट दोन खाच पुढे घेतली आणि स्टिअरिंग एकदम हलकं वाटायला लागलं.

मग परातीचा प्रयोग. नानांनी जेवणाच्या शेडमधून मोठी परात आणली, तिच्यात पाणी ओतलं आणि सरांनी ती हातात धरून चालत दाखवलं. थांबलं की पाणी पुढे धावतं, निघालं की मागे, वळलं की बाहेरच्या कडेला. म्हणाले गाडीचं वजन असंच आहे, तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा नुसती गाडी थांबवत नाही, तुम्ही पुढच्या टायरवर वजन टाकता, त्या क्षणी पुढचे टायर जमीन पकडतात आणि मागचे हलके होतात, आणि वळायचं असेल तर तोच क्षण आहे. ब्रेक सोडून, एकदम ॲक्सिलरेटर दाबून मग स्टिअरिंग फिरवलं तर पाणी मागे गेलेलं असतं, पुढे काही नसतं आणि एस्टीम सरळ बांधावर जाते. दुपारी माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं, गाडी सरळ गेली, बांधाच्या दोन हात आधी थांबली, मडफ्लॅप तिथेच गेला. सर शेजारच्या सीटवर होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी कुठे होतं?"

वेग फार नसतो. पहिल्या दिवशी तीस-चाळीसच्या वर कोणाला जाऊ दिलं नाही. चुन्याच्या रेषा आखलेल्या, जुने टायर ठेवलेले, एकेक गोष्ट वेगळी काढून करायची. नुसता ब्रेक. मग ब्रेक आणि वळण. मग डाव्या पायाने ब्रेक, जो सुरुवातीला सगळ्यांना जड गेला कारण डावा पाय क्लचला सरावलेला असतो, तो ब्रेकवर पण तसाच खाडकन पडतो आणि सगळे पट्ट्यात लटकतात. मुरुमावर चाक लॉक झालं तर ते पुढे मातीचा ढीग गोळा करतं, त्यामुळे सैल मातीत कधीकधी लॉक झालेलं चाक लवकर थांबवतं पण वळवत मात्र नाही, हे मला माहीत नव्हतं, सरांनी खाली उतरवून चाकापुढचा ढीग दाखवला. हातब्रेकवर गाडी फिरवायचं शेवटी, अगदी पाच मिनिटं, आणि सर म्हणाले याचा फोटो काढून घ्या आणि मग विसरून जा, स्टेजवर, म्हणजे रॅलीच्या वेगाच्या टप्प्यात, हे एखाद्या हेअरपिनला, अगदी उलट फिरणाऱ्या वळणाला लागतं.

आता खरी किंमत कशाची आहे ते. पहिल्या दिवशी रात्री जेवणानंतर, पिठलं-भाकरी आणि ठेचा होता, जेवण एक नंबर होतं हे पण सांगतो, सर फळा घेऊन बसले आणि दीड तास फक्त पैशावर बोलले. मला वाटतं बारा हजारातले दहा या दीड तासाचेच आहेत.

त्यांचं म्हणणं असं की गाडीचे पैसे एकदाच जातात, टायरचे दर रॅलीला जातात. सगळे गाडीचा भाव विचारतात आणि टायर, सर्व्हिसची माणसं, गाडी ट्रेलरवर न्यायचं भाडं, राहणं, रेकीचं म्हणजे आधी जाऊन रस्ता बघून यायचं पेट्रोल, एंट्री फी हे कोणी धरत नाही, म्हणून पहिली रॅली कशीबशी होते आणि गाडी पुढची तीन वर्षं ताडपत्रीखाली उभी राहते. अशा ताडपत्रीखालच्या गाड्यांची त्यांनी यादीच सांगितली. आणि मी जी घ्यायला निघालो होतो ती त्या यादीत होती.

मग त्यांनी उलट्या बाजूने रस्ता सांगितला. आधी डावी सीट. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो त्यामुळे डावी सीट नॅव्हिगेटरची, आणि चांगला नॅव्हिगेटर सगळ्यांना हवा असतो, गाडी असलेली पण शेजारी बसायला माणूस नसलेली माणसं प्रत्येक रॅलीत असतात. टीएसडीने सुरुवात करा, म्हणजे टाईम-स्पीड-डिस्टन्स, जी चालू रस्त्यावर ट्रॅफिकचे नियम पाळून, ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने चालवायची असते. तिथे वेगाची शर्यत नाहीच, लवकर पोचलात तरी दंड आणि उशिरा पोचलात तरी दंड. रोजची गाडी चालते. केज लागत नाही. एंट्री आणि पेट्रोल दोघांत वाटलं जातं. लायसन्स काढावं लागतं, भारतातल्या मोटरस्पोर्ट फेडरेशनचं, म्हणजे एफएमएससीआयचं, ते नॅव्हिगेटरलाही लागतं आणि सोबत मेडिकलचा फॉर्म असतो, तो आधीच करून ठेवा, शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

टीएसडीतून हात आणि डोकं बसलं की ऑटोक्रॉस, मैदानातल्या ट्रॅकवर घड्याळाविरुद्ध चालवायचं, अंतर छोटं त्यामुळे टायर-पेट्रोलचा खर्च छोटा, आणि गाडी बंद पडली तरी ढकलत बाहेर आणता येते. मग स्टेज रॅलीत पुन्हा डावी सीट, ज्यासाठी सूट, हेल्मेट, मानेला झटक्यापासून सांभाळणारं हान्स आणि बूट स्वतःचे लागतात पण गाडी लागत नाही. मग एखादी गाडी एका रॅलीपुरती भाड्याने. आणि हे सगळं झाल्यावर, तरीही इच्छा आणि पैसे दोन्ही शिल्लक असतील तर स्वतःची गाडी. आमच्यातला एकजण म्हणाला सर पण मला ड्रायव्हर व्हायचंय, नॅव्हिगेटर नाही. सर म्हणाले, "चांगल्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून तो कुठे ब्रेक मारतो ते पन्नास किलोमीटर बघायला मिळणं, तेही त्याच्या पेट्रोलवर, यापेक्षा स्वस्त क्लास तुला कुठे मिळणार?" यावर बोलायला काही राहिलंच नाही.

सामानाबद्दल पण सरळ सांगितलं. गाडी जुनी घ्या, इंजिन जुनं घ्या, पण पट्टे, सीट आणि हेल्मेट जुनं घेताना लेबल वाचा. हेल्मेटच्या आत फियाचं, म्हणजे जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचं ८८५९ असं स्टँडर्डचं लेबल असतं, हान्सला ८८५८, सूटला ८८५६, सीटला ८८५५, पट्ट्यांना ८८५३. पट्ट्यांवर कुठल्या सालापर्यंत चालतील ते शिवलेलं असतं आणि ते पाच वर्षांचं असतं, कारण पट्टा ऊन-धुळीने कमजोर होतो, डोळ्यांना दिसत नाही. हेल्मेट एकदा जोरात आपटलं असेल तर बाहेरून कितीही चकाचक असलं तरी आतला थर दबलेला असतो, म्हणून हेल्मेट शक्यतो नवीनच. मोटरसायकलचं हेल्मेट घेऊन येऊ नका, कारमधल्या हेल्मेटचं अस्तर आगीला टिकणारं असतं, तो फरक आहे.

एक गोष्ट इथे मुद्दाम लिहितो कारण आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हती. आपल्या गाडीचा जो नेहमीचा इन्शुरन्स असतो तो रेसिंग, स्पीड टेस्टिंग अशा वापराला लागू होत नाही, पॉलिसीत तसं लिहिलेलं असतं. म्हणजे रोजची गाडी घेऊन ऑटोक्रॉसला गेलात आणि कलंडली तर सगळं खिशातून. सरांनी तिथे आम्हाला आपापल्या फोनवर पॉलिसी उघडून ते कलम शोधायला लावलं, सहाही जणांच्या पॉलिसीत निघालं.

पैसे नसतील तर मोठं होता येतं का, हा प्रश्न मी विचारला. सरांनी खोटी आशा दिली नाही. बाहेरची उदाहरणं सांगितली. फ्रान्समध्ये तिथल्या फेडरेशनची रॅली जून नावाची पोरं निवडायची स्पर्धा होती, सेबास्टियन ओजिए २००५ साली तिथून आला, त्याआधी तो स्कीइंग शिकवायचा, आणि पुढे तो अनेकदा रॅलीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. अलीकडे फियाने रॅली स्टार नावाचा कार्यक्रम काढला, त्यात निवडीचा एक रस्ता व्हिडिओ गेममधून होता आणि एक मोकळ्या मैदानात टायरमधून गाडी काढायच्या स्लॅलममधून, आणि त्यातून निवडलेला एस्टोनियाचा रोमेट युर्गेन्सन २०२४ चा ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियन झाला, जिथे सगळ्यांना सारखीच फोर्ड फिएस्टा असते. म्हणजे पोरगं शोधायची आणि त्याला गाडी द्यायची यंत्रणा असेल तर होतं. आपल्याकडे तशी शिडी नाही, हे पण ते म्हणाले. आपला गौरव गिल तीनदा एशिया-पॅसिफिक रॅली चॅम्पियन झाला, २०१३, २०१६ आणि २०१७, त्याला २०१९ ला अर्जुन पुरस्कार मिळाला, पुण्याचे संजय टकले मोटोक्रॉसच्या बाइकपासून सुरुवात करून २०२५ ला डकार क्लासिक या जुन्या गाड्यांच्या रॅलीपर्यंत गेले. पण ही माणसं पंधरा-वीस-पंचवीस वर्षं टिकली, म्हणून आपल्याला पहिल्या वर्षी संपायचं नाही एवढंच आत्ता बघायचं, असं सर म्हणाले. मला हे पटलं आणि अजून पटतंय.

दुसरा दिवस डाव्या सीटचा. सकाळी टीएसडीचं गणित. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला बरोबर दहा मीटर, म्हणजे एक किलोमीटरला शंभर सेकंद, हे एकदा डोक्यात बसवलं की बाकी सगळं त्याच्या आजूबाजूने काढता येतं. ताशी ३० ला दोन मिनिटं, ४० ला दीड मिनिट, ४५ ला ऐंशी सेकंद. रोडबुकातल्या, म्हणजे आयोजक देतात त्या रस्त्याच्या वहीतल्या खुणांना ट्युलिप म्हणतात, नेदरलँड्सच्या ट्युलिप रॅलीवरून आलेला शब्द, गोळा म्हणजे तुम्ही कुठून येताय आणि बाण म्हणजे कुठे जायचंय. सगळ्यात मोठी चूक नवीन लोक करतात ती म्हणजे स्वतःच्या गाडीचा मीटर खरा धरायचा. आयोजकांचे दहा किलोमीटर तुमच्या मीटरवर दहा पूर्णांक तीन दाखवत असतील, तर पन्नास किलोमीटरला दीड किलोमीटरचा घोळ होतो, आणि ताशी ३६ ला तो अडीच मिनिटांचा होतो. आम्हाला हे कागदावर नाही, सिन्नरच्या रस्त्यावर नानांच्या व्हॅनमध्ये बसवून करायला लावलं, आणि व्हॅनचा मीटर खरोखरच चुकीचा होता.

दुपारी पेसनोट्स. म्हणजे स्टेजवरचं प्रत्येक वळण आधी हळू गाडीने जाऊन लिहून ठेवायचं आणि नंतर वेगात असताना ड्रायव्हरला वाचून दाखवायचं. सरांनी ब्रिटिश रेसर स्टर्लिंग मॉस आणि त्याचा नॅव्हिगेटर डेनिस जेंकिन्सनची गोष्ट सांगितली, १९५५ च्या मिल्ले मिलियाला जेंकिन्सनने नोट्सची अठरा फुटी गुंडाळी एका डबीत बसवून नेली होती आणि ते दोघे इटलीची ती हजार मैलांची रोड रेस दहा तास सात मिनिटांत जिंकले. आमच्याकडे डबी नव्हती, शाळकरी दोनशे पानी वही होती.

इथे सरांची एक गोष्ट मला फार आवडली. वळणाला एक ते सहा आकडे, एक म्हणजे एकदम आवळलेलं आणि सहा म्हणजे जवळजवळ सरळ, हे सगळीकडे चालतं, पण शब्द कुठल्या भाषेत हे त्यांनी आमच्यावर सोडलं. म्हणाले वेगात असताना डोक्यात भाषांतर करायला वेळ नसतो, जो शब्द ऐकल्या ऐकल्या हात हलतो तो शब्द लिहा. माझा जोडीदार ओझरचा एक कॉलेजचा मुलगा होता. आम्ही लिहिलं, "उजवं चार, माथा, डावं दोन आवळतंय, आत दगड, उघडतंय पाच." आधी मला वाटलं होतं इंग्रजीत लिहिलं तरच खरं वाटेल. पण तो "आवळतंय" म्हणाला की माझा पाय आपोआप उचलला जायचा, आणि तेच त्याने "टाईटन्स" म्हणून पाहिलं तेव्हा मी अर्धा सेकंद थांबलो. अर्धा सेकंद त्या वेगाला पाच-सहा मीटर होतात. पुढे स्टेज रॅलीत कोणाच्या शेजारी बसलो तर त्याच्या भाषेत वाचावं लागेल, ते पण सरांनी सांगितलं, म्हणून शेवटच्या दोन फेऱ्या इंग्रजीत करून घेतल्या.

नॅव्हिगेटर म्हणून बसलो तेव्हा तिसऱ्या फेरीला मळमळायला लागलं. वही मांडीवर ठेवून वाचत होतो म्हणून. सरांनी वही छातीच्या उंचीला धरायला लावली आणि प्रत्येक ओळीनंतर नजर वर उचलायला, म्हणजे पान आणि रस्ता दोन्ही एका रेषेत येतात, आणि खिशात आवळा सुपारी ठेवायला सांगितलं. पाचव्या फेरीपर्यंत ठीक झालं. आमच्यात एक ताई होत्या, त्यांना हे काहीच झालं नाही, कारण त्या आधी मावशीबरोबर मुंबईहून अँबी व्हॅलीला जाणाऱ्या बायकांच्या रॅलीत नॅव्हिगेटर म्हणून बसल्या होत्या, ती जी वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन भरवते. मुलींसाठी सुरुवातीला ती चांगली आहे असं त्यांचं म्हणणं, घरचे पण लवकर हो म्हणतात.

आता कमी काय वाटलं ते. सहा जणांना गाड्या दोन, त्यामुळे उन्हात बसून वाट बघण्यात बराच वेळ जातो, चार जणांची बॅच केली आणि फी दोन हजारांनी वाढवली तरी मी म्हणेन परवडलं. एस्टीममधला इंटरकॉम मधेच बंद पडतो आणि पेसनोट्स शिकताना हे फार नडतं, अर्ध्या फेऱ्या आम्ही ओरडून केल्या. बायकांसाठी स्वच्छतागृह नीट नाही, शेडच्या मागे पत्र्याची खोली आहे, तिला आतून कडी नव्हती, हे त्या ताईंनी सरांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी नानांनी कडी बसवली, पण मुळात पाणी पण हवं. अग्निशामक प्रत्येक गाडीत होतं आणि प्रथमोपचाराची पेटी पण होती, तरी दुसऱ्या दिवशी वेग वाढतो तेव्हा ॲम्ब्युलन्स जागेवर उभी पाहिजे असं मला वाटतं, सिन्नर जवळ आहे हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही. मी हे तोंडावर बोललो, सर ऐकून घेतात. आणि सर कडक आहेत. एकाने गेटबाहेरच्या गावच्या रस्त्यावर स्वतःची बाईक जोरात काढली तर त्याला दुपारच्या सत्रात चावी दिली नाही, फी परत देतो म्हणाले. काहींना हे जास्त वाटेल. मला वाटलं नाही, त्या रस्त्यावरून शाळेची पोरं चालत जातात.

दोन दिवसांनी सर खरंच माझ्याबरोबर ती एस्टीम बघायला आले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी पट्टे उलटून लेबल दाखवलं, मुदत संपून तीन वर्षं झाली होती. सीटची पण संपलेली. मग खाली वाकून केजचे पाय दाखवले, खाली जाड प्लेट न देता पातळ पत्र्यावर सरळ बोल्ट मारलेले, म्हणजे गाडी उलटली तर केजचे पाय पत्रा फाडून खाली निघणार. स्क्रूटिनीला, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीला ही गाडी पास झालीच नसती आणि झाली असती तर त्याहून वाईट झालं असतं. साडेतीन लाखांवर पट्टे, सीट आणि केज नव्याने करायचा खर्च धरला तेव्हा मी घरी येऊन लोनचा फॉर्म मागे घेतला. या पाहणीचे सरांनी पैसे घेतले नाहीत, नाशिकला आलोच होतो म्हणाले, फक्त मिसळ खाल्ली.

त्यानंतर मी दोन टीएसडी केल्या, दोन्ही डाव्या सीटवर, दोन्ही वेळा गाडी दुसऱ्याची. पहिलीत एका चौकात ट्युलिप चुकीचं वाचलं आणि चार किलोमीटर उलटे गेलो, खूप वाईट वाटलं कारण ड्रायव्हर जीव तोडून चालवत होता. दुसरीत शेवटपर्यंत एकही वळण चुकलं नाही. सात महिन्यांत शाळेची फी, लायसन्स, दोन्ही रॅल्यांचा माझा वाटा आणि एक नवं हेल्मेट मिळून जेवढे गेले तेवढ्यात त्या लोनचे पाच हप्ते पण भरले गेले नसते.

कोणासाठी आहे हे विचाराल तर, ज्याला रॅलीत खरंच उतरायचंय आणि पगार मोजका आहे त्याने डोळे झाकून जावं. ज्याला वीकेंडला गाडी आडवी फिरवून व्हिडिओ काढायचेत त्याचे पैसे वाया जातील, इथे ते पाच मिनिटंच मिळतं. ज्याच्याकडे आधीच गाडी तयार आहे त्याने दुसऱ्या दिवसापुरतं विचारून बघा, सर कधीकधी नुसत्या पेसनोट्ससाठी येऊ देतात, फी निम्मी.

जाताना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि पातळ तळाचे बूट न्या, जाड तळाच्या बुटात ब्रेक कळत नाही. टोपी, भरपूर पाणी, नाकाला बांधायला रुमाल, फुफाटा खूप उडतो. दोनशे पानी वही आणि शिसपेन्सिल, पेन नको, खाचखळग्यात लिहिताना पेन मधेच थांबतं. पावसाळ्यात बॅच नसतात, खाणीत पाणी भरतं. दसऱ्यानंतर सुरू होतात. तेव्हा ऑटोक्रॉससाठी एस्टीम अर्ध्या दिवसाच्या भाड्याने देणार आहेत असं नाना म्हणालेत, मी आणि तो ओझरचा मुलगा दोघांनी मिळून नाव घातलंय, झालं की त्याबद्दल पण लिहीन.